उजेडाची मोड

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवर गाडी लावायला जागा मिळाली, तर निम्मी दिवाळी तिथेच साजरी होते. पणत्या, उटणे, चकलीची भाजणी घेऊन झाली की पावले साडीच्या दुकानाकडे वळतात. तिथली मांडणी कधी नीट पाहिली आहे का? साड्या बरोबर एकावर एक रचल्या तर फक्त सर्वांत वरची दिसते. म्हणून दुकानदार प्रत्येक साडी जराशी सरकवून ठेवतो, आणि प्रत्येकीचा काठ दिसतो.

डेव्हनपासून काही मैल उत्तरेला, एव्हान्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात, मायकेल वासिलेव्स्की यांच्या गटाने रेणूंची अशीच सरकवलेली चळत अभ्यासली. तिचा संबंध आपल्या छपरावरच्या सौर पॅनेलशी आहे.

समजा, तुम्ही वीस डॉलरची नोट दिली, वस्तू दहाची आहे आणि दुकानदार म्हणतो, "मोड नाही, उरलेले विसरा." सिलिकॉनचे पॅनेल रोज हेच करते. सिलिकॉनला एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. हिरव्या प्रकाशाचा एक कण सुमारे 2.4 घेऊन येतो. वरची सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. अशा कारणांमुळे एकाच थराच्या साध्या सौर घटाची कार्यक्षमता सुमारे 33 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. शॉकली आणि क्वाइसर यांनी ही मर्यादा 1961 मध्ये मांडली.

मग नोटेची मोड करून देणारा कोणी मध्ये बसवला तर? काही सेंद्रिय रेणू हे काम करतात. प्रकाशाचा एक कण शोषून रेणू उत्तेजित होतो. या अवस्थेला 'सिंगलेट' म्हणतात. शेजारचा रेणू योग्य जागी असेल तर तो आपली ऊर्जा त्याच्याशी वाटून घेतो आणि दोन 'ट्रिपलेट' तयार होतात, म्हणजे एका विसाच्या दोन दहा. याचे नाव 'सिंगलेट फिशन'. अट एकच: सिंगलेटची ऊर्जा ट्रिपलेटच्या साधारण दुप्पट हवी. अँथ्रासीनच्या स्फटिकांवर लेसरचा झोत टाकताना दिसलेल्या प्रकाशाचे कोडे सोडवायला ही कल्पना 1965 मध्ये पहिल्यांदा मांडली गेली. त्या शोधनिबंधावर पहिले नाव एस. सिंग असे आहे.

खरी गंमत 'योग्य जागी' या दोन शब्दांत आहे. रेणू एकमेकांपासून दूर असतील तर मोड होतच नाही, कारण देवाणघेवाणीला शेजारी हवा. मग अगदी समोरासमोर, तंतोतंत एकावर एक ठेवले तर? तेही चालत नाही. प्रत्येक रेणूच्या इलेक्ट्रॉन-लहरीला अधिक आणि उणे असे भाग असतात. बरोबर एकावर एक बसले की या देवाणघेवाणीपुरते ते भाग एकमेकांना खोडून टाकतात. शिवाय दोन रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि ऊर्जा तिथेच अडकते. चळत थोडी सरकवली की खोडाखोड अपुरी राहते आणि वाट मोकळी होते.

नॉर्थवेस्टर्नच्या गटाने 2013 मध्ये पेरिलीनडायइमाइडचा पातळ थर घेतला. हे नाव भयंकर वाटले तरी या घराण्यातले लाल रंग गाड्यांच्या पेंटमध्ये वापरतात, कारण ते उन्हात टिकतात. रेणूला बाजूंनी फिनाइल गट जोडले होते. घन थरात रेणू एकमेकांवर सरकून बसले आणि दर 100 प्रकाशकणांमागे सुमारे 140 ट्रिपलेट मिळाले, तेही 180 पिकोसेकंदांत.

रेणू तोच ठेवून फक्त रचना बदलली तर काय होते, हे कोलोरॅडोमधल्या संशोधकांनी डायफेनिलआयसोबेन्झोफ्युरानवर पाहिले. त्याच्या थराच्या दोन स्फटिकरचना आहेत, दोघींत फरक थोडासाच. एकीत ट्रिपलेट शंभर टक्क्यांच्या वर जातात, दुसरीत अगदी थोडे मिळतात. साहित्य तेच, पण एकाची चकली कुरकुरीत होते आणि दुसऱ्याची मऊ पडते, तसेच हे.

याचा उपयोग होतो का? एमआयटीमध्ये 2013 साली पेंटासीनच्या घटात, लाल प्रकाशाच्या एका तरंगलांबीला, 100 प्रकाशकणांमागे 109 इलेक्ट्रॉन मिळाले. पण पेंटासीनच्या ट्रिपलेटची ऊर्जा सिलिकॉनला पुरत नाही. टेट्रासीनची पुरते, सुमारे 1.25. 2019 मध्ये तिथल्याच संशोधकांनी टेट्रासीन आणि सिलिकॉन यांच्यामध्ये हाफ्नियम ऑक्सिनायट्राइडचा नॅनोमीटरहूनही पातळ थर घालून ही ऊर्जा पलीकडे पोचवून दाखवली. अशा जोडीची कमाल मर्यादा कागदावर साध्या घटापेक्षा वर जाते.

छपरावर यायला मात्र अवकाश आहे. पेंटासीन, टेट्रासीन हवा आणि प्रकाश एकत्र लागले की खराब होतात. पॅनेलला तर पंचवीस वर्षे उन्हातच काढायची असतात. शिवाय मोठ्या क्षेत्रावर थर देताना हवी तीच रचना सगळीकडे जमवणे कठीण. म्हणूनच गाडीच्या पेंटमधल्या त्या टिकाऊ लाल घराण्याकडे आशेने पाहिले जाते.

आपल्या घरातली हायस्कूलची मुले विचारतात, "रसायनशास्त्रात आता नवीन काय उरलंय?" यंदा त्यांना डेव्हनवर घेऊन जा आणि साड्यांची चळत दाखवा. ती किती सरकवावी, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, आणि त्यावर काम करणारी एक प्रयोगशाळा गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे.

शुभ दीपावली!