वर्गणी की तिकीट? : सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या खर्चाचा प्रश्न

सार्वजनिक दूरचित्रवाणीचा खर्च प्रेक्षकांच्या वर्गणीतून भागवावा, अशी सूचना वेळोवेळी पुढे येते. तिचा विचार करताना प्रथम ‘वर्गणी’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. मराठीत हा शब्द दोन भिन्न व्यवहारांस लावतात. गणेशोत्सवाची वर्गणी न देणाऱ्यासही आरास पाहण्याची मुभा असते. मासिकाची वर्गणी न भरल्यास मात्र अंक घरी येत नाही. पहिल्या ठिकाणी सामाईक कार्यातील वाटा अभिप्रेत आहे, दुसऱ्या ठिकाणी वस्तूची किंमत. प्रसारणाच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरतो.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. संचाच्या परवान्याचे शुल्क वर्षास १० रुपये होते व त्यातील ८० टक्के रक्कम कंपनीस मिळे. परंतु परवानाधारक थोडे होते, आणि परवान्यावाचून ऐकणाऱ्यास रोखण्याचा उपाय नव्हता. १९३० मध्ये कंपनी बुडाली व तिचे कार्य शासनास हाती घ्यावे लागले. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हाही संचाचा परवाना काढावा लागे. १९७६ पासून जाहिराती आल्या आणि १९८० नंतरच्या दशकात परवान्याची पद्धत संपुष्टात आली.

वर्गणीच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. जो पैसा देतो, त्याचे मन राखावे लागते. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा असून तो १९९७ मध्ये अमलात आला. त्याने संस्थेस स्वायत्तता दिली. तथापि तिच्या वेतनखर्चाचा मोठा भार आजही केंद्र शासनाच्या अनुदानावर आहे. प्रेक्षकांनीच खर्च उचलल्यास शासन व जाहिरातदार या दोहोंची पकड सैल होईल, हे नाकारता येत नाही.

परंतु १९२७ साली जे अशक्य होते, ते आता शक्य झाले आहे. प्रक्षेपण सांकेतिक करून पैसे न देणाऱ्याचा पडदा कोरा ठेवता येतो. याचा परिणाम बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या गावाच्या दृष्टीने पाहावा. या जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांची घरे काही महिने बंद असतात. ज्यांचे उत्पन्न हंगामी, त्यांना दरमहाचे शुल्क नियमाने भरणे कठीण. २००४ मध्ये सुरू झालेल्या आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेत तबकडी व संच एकदा घेतला म्हणजे मासिक शुल्क राहत नाही; सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते. तिकीट लावल्यास शेतीविषयक माहिती, हवामान व मराठी बातम्या यांची ज्यांना सर्वांत अधिक गरज, तेच प्रथम वगळले जातील.

जर्मनीने २०१३ पासून वेगळा मार्ग धरला. तेथे संच असो वा नसो, प्रत्येक घरामागे ठरावीक अंशदान घेतले जाते. शासकीय साहाय्यावर जगणाऱ्यांना सूट मिळते आणि प्रक्षेपण सर्वांस खुले राहते. ही पहिल्या अर्थाची वर्गणी होय. आपल्याकडे तिची वसुली कोणी व कशी करावी, हा प्रश्न अवघड आहे. तथापि वर्गणीच्या नावाने तिकीट स्वीकारल्यास दूरचित्रवाणी स्वावलंबी होईल, पण सार्वजनिक राहणार नाही.