यकृतातील चरबी आणि पेशींची साफसफाई

“फादर, मी दारूला शिवत नाही, मग यकृत कसे बिघडले?” सोनोग्राफीचा कागद हाती घेऊन असे विचारणारे हल्ली वाढले आहेत. दारूवाचूनही यकृतात चरबी साठते. पोट सुटलेल्यांत व मधुमेह्यांत विशेष. प्रारंभी काही दुखत नाही. पुढे काहींच्या यकृतास सूज येते व कालांतराने ते निबर होते. भारत सरकारने 2021 साली हा विकार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तो उगीच नव्हे.

आपल्या नौबादची सुरंग बावी सर्वांस ठाऊक आहे. बहामनी काळातील हा भुयारी पाट गाळाने व केरकचऱ्याने बुजला होता. 2015 च्या सुमारास तो उपसण्यात आला. यकृताच्या पेशीतही देवाने असाच उपसा ठेवला आहे. पेशी आपले जुने, मोडके भाग पिशवीत गुंडाळते, विरघळविते आणि निघालेला माल पुन्हा वापरते. लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठातील ख्रिस्तियान द दूव्ह यांनी 1963 साली या क्रियेस ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिले. तिचा उलगडा करणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल पारितोषिक लाभले. चरबीचे थेंबही याच वाटेने फुटतात, असे 2009 साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. चरबी फार झाली की ही क्रियाच मंदावते. म्हणजे झाडूवालाच आजारी!

जेवणानंतर इन्शुलिन वाढते व सफाई थंडावते. पोट रिकामे असता तिला वेग येतो. दिवसभर गोड चहा, बिस्किटे, मिरची भजी चालू असल्यावर झाडू फिरायचा केव्हा? शिवाय साखरेतील फ्रुक्टोजपासून यकृत स्वतःच चरबी तयार करते. मुलांच्या हाती थंड पेयाच्या बाटल्या देणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे.

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पुंडीची भाजी हे आपल्याच शिवारातले अन्न पुरेसे आहे. भाताचा ढीग कमी करावा, रात्री लवकर जेवावे, शेतावर मोटारसायकलऐवजी पायी जावे. 80 किलोच्या स्थूल माणसाने सावकाश 4 किलो वजन उतरविले तरी यकृतातील चरबी घटते. 8 किलो उतरविल्यास बहुधा सूजही ओसरते.

राखेच्या बुधवारचा उपवास वजनासाठी नव्हे, हे सांगणे नलगे. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; साखर एकाएकी उतरते. ‘यकृत शुद्ध करणारे’ काढे घेऊ नयेत. काही काढ्यांनीच यकृतास इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदविले आहे. डोळे पिवळे झाले, पोट फुगले किंवा शौचास काळे झाले, तर त्याच दिवशी बीदरचे सरकारी रुग्णालय गाठावे.