शड्डू घेतला, सलामी राहिली

चैत्र लागला की बीड जिल्ह्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेला जोडून कुस्त्यांचा हगामा भरतो. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या बालाघाटच्या माथ्यावरच्या तालुक्यांत तर हगामा नसेल तर जत्रा झाली असं कुणी धरत नाही. हलगी कडाडते. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग पैशांच्या आणि दिवस कलताना मानाची कुस्ती. लोक डाव बघायला येतात. ढाक कुणी मारली, घिस्सा कुणी लावला, पाठ लागली की नाही, यावर पुढं आठवडाभर पारावर वाद चालतात. डाव सुरू होण्याआधी काय घडलं, हे मात्र कुणी सांगत नाही, कारण ते दर वेळी सारखंच असतं.

पैलवान फडात उतरताना वाकतो. बोटं मातीला लावतो, तीच कपाळाला आणि छातीला लावतो. मारुतीच्या दिशेनं हात जोडतो. कडेला फेटा बांधून बसलेल्या वस्तादाच्या पाया पडतो. मग शड्डू ठोकत फडाला एक फेरी. शेवटी दोघं समोरासमोर येतात, पंच पुढं होतो, हाताला हात लागतो आणि दोघं चिमूट-मूठभर माती एकमेकांच्या खांद्यादंडावर टाकतात. ही सलामी. सलामी झडली की खडाखडी. सलामीआधी कुणी पट काढला तर त्याला कुस्ती म्हणत नाहीत. माणसं उठून ओरडतात.

यातली प्रत्येक गोष्ट नुसती भक्तीची नाही. वाकून मातीला हात लावला की ती किती ओली, किती भुसभुशीत, हे बोटांना कळतं. समोरच्याच्या अंगावर माती टाकली की घामानं निसरड्या झालेल्या कातडीवर हात बसतो. म्हणजे आपल्याला पकडणं त्याला सोपं व्हावं, याची सोय आपणच करून देतो आणि तो आपल्याला तीच सोय करून देतो. हातात हात आला की मनगटाचा जोरही समजतो. वाकबगार पैलवान अर्धी कुस्ती तिथंच वाचतो. आदर आणि अंदाज एकाच हालचालीत बसवणारी अशी रीत मला तरी दुसरीकडं फारशी दिसलेली नाही.

तालमीत हे कुणी वेगळं शिकवत नाही. आठ-दहा वर्षांचं पोरगं बापाचं बोट धरून येतं, चपला बाहेर काढतं आणि मोठी पोरं करतात तसं करतं. हौद्यात उतरण्याआधी मातीला हात, भिंतीतल्या मारुतीला नमस्कार, वस्तादांना रामराम. जोर, बैठका, सपाट्या नंतर. हौद्यातली माती साधी नसते. ती चाळून तिच्यात काव, ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवतात. जखम चिघळू नये आणि अंग सोलवटू नये म्हणून. बीडच्या शेतातली काळी माती इथं चालत नाही. ओली झाली की ती पायाला धरते आणि वाळली की तिची ढेकळं होतात. बाप ज्या मातीत राबतो ती वेगळी आणि पोरगं जिला कपाळ लावतं ती वेगळी.

जपानी किंवा कोरियन युद्धकलांबद्दल लिहिणारे हमखास सांगतात, की दोजोत, म्हणजे तिथल्या तालमीत, वाकायला शिकलेलं मूल घरीही वाकायला लागतं. जपानात ज्युदो १८८२ साली जिगोरो कानो यांनी कोदोकान काढून उभा केला आणि त्यात सरावाची सुरुवातही नमस्कारानं, शेवटही नमस्कारानं. ही शिस्त जगभर गेली. बीड, अंबाजोगाई, परळीत कराटे आणि तायक्वांदोचे वर्ग चालतात, तिथली पोरं गुरूसमोर कमरेत वाकतात, कराटेवाली ‘ओस’ही म्हणतात आणि घरी आजोबांनाही तसंच करून दाखवतात. आजोबा हसतात. महिन्याभरानं पोरगं पुन्हा पाया पडायला लागतं, कारण घरात त्या वाकण्याची जागा आधीच भरलेली असते.

आपल्याकडची वाट उलटी आहे, असं मला वाटतं. तालमीतून घरी फार काही गेलं नाही. घरातून, रानातून तालमीत आलं. पेरणीच्या दिवशी चाड्यावर मूठ धरण्याआधी शेतकरी काळ्या आईला हात लावतो. खंडेनवमीला अवजारं पुजली जातात आणि ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या घरी त्यात कोयताही असतो. एसटीचा ड्रायव्हर गाडी काढण्याआधी स्टेअरिंगला हात लावून कपाळाला नेतो. दुकानदार पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे डोळ्यांना लावतो. ज्याच्यावर पोट आहे त्याला कामाआधी हात लावायचा, हा या मुलखाचा जुना शिरस्ता आणि पैलवानानं तोच हौद्यात नेला. वस्तादाच्या पाया पडणं हेही तसंच, घरातल्या थोरल्यांचं उचललेलं. निवृत्त पैलवान सकाळी अंगणात उतरताना जमिनीला हात लावतो, तेव्हा ती तालमीची सवय आहे की त्याच्या आजीची, हे त्यालाही सांगता येणार नाही.

तालमीनं स्वतःचं म्हणून जे घातलं ते एकच: पाडायचं आहे त्यालाच आधी सलामी द्यायची.

घरातला नमस्कार खालून वर जातो. धाकटा थोरल्याच्या पाया पडतो, सून सासूच्या, चेला गुरूच्या. बरोबरीच्या माणसासमोर वाकण्याची रीत आपल्याकडं वारकऱ्यांनी रुजवली. पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी बीड जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. त्या वाटेवर वय, जात न बघता लोक एकमेकांच्या पाया पडताना दिसतात. ऐंशी वर्षांचा म्हातारा विशीतल्या टाळकऱ्याच्या पायाला हात लावतो आणि तो टाळकरी त्याच वेळी त्याच्या. पण तो सोबत्याला केलेला नमस्कार आहे. दोघांना एकाच गावाला जायचं आहे. सलामी देणाऱ्या दोघांपैकी एकाची पाठ थोड्या वेळानं मातीला लागणार आहे आणि हे दोघांना पक्कं ठाऊक असतं.

गादीवरच्या कुस्तीत माती नाही, पण तिथंही ही गोष्ट नियमात आहे. लढत सुरू होण्याआधी पैलवान पंचांशी आणि एकमेकांशी हात मिळवतात. निकालानंतर हरलेला आणि जिंकलेला दोघंही प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकाकडं जाऊन त्याचाही हात हातात घेतात. हरल्यावर चार पावलं चालत समोरच्याच्या गुरूपर्यंत जाणं अवघड असतं. म्हणून तर नियम करावा लागला. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तचा ज्युदोपटू इस्लाम अल शहाबी इस्राएलच्या ओर सॅसनकडून हरला आणि त्यानं पुढं आलेला हात घेतला नाही. पंचांनी परत बोलावलं तेव्हा त्यानं कशीबशी मान हलवली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि त्याला घरी पाठवण्यात आलं. हरल्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

आता बीडकडं पुन्हा येऊ, कारण सलामीचा विषय इथं जरा जास्त टोचतो. या जिल्ह्यात माणूस फोन उचलताना काय म्हणतो यावरून त्याचं घर ओळखता येतं. जय शिवराय, जय भीम, जय भगवान, जय सेवालाल, रामकृष्ण हरी, सलाम वालेकुम. यातला एकही शब्द वाईट नाही आणि प्रत्येकामागं मोठी माणसं, मोठ्या चळवळी आहेत. पण पहिल्या शब्दालाच समोरचा सावध होतो आणि पुढचं बोलणं त्या हिशेबानं करतो, हेही खरं. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ला हत्या झाली. त्यानंतर जिल्हा जातीवरून इतका तापला, की पोलिस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या टेबलावरच्या आणि छातीवरच्या पाट्यांवरून आडनावं काढून फक्त नावं ठेवायला लावली. एकमेकांना नावानं हाक मारा, आडनावानं नको, असं सांगितलं. हाक कशी मारायची यावर सरकारी फर्मान काढावं लागणं, यात सगळं आलं.

तालमीत हा प्रश्न जुन्या लोकांनी आपल्या परीनं सोडवला होता. तिथं सगळे ‘पैलवान’. “काय पैलवान, खुराक झाला का?” एवढ्यावर भागतं, आडनाव विचारायची वेळ येत नाही. सलामी तर मुकीच असते. तिच्यात कुणाच्या नावाचा जयघोष नाही, माती आणि दोन हात. महाराष्ट्र केसरीच्या यादीत मुन्नालाल शेख, सईद चाऊस, बाला रफिक शेख ही नावं आहेत. बाला रफिक शेखनं २०१८ची गदा बीडच्या शेजारीच, जालन्यात जिंकली. शिकवणाऱ्याला आपण वस्ताद म्हणतो आणि ज्या भिंतीतल्या मारुतीसमोर तो उभा असतो तो मारुती कुणाला आडवा येत नाही. हे चित्र फार गोड करून सांगू नये, हेही खरं. दूध, तूप, बदामाचा खुराक रोज कुणाला परवडतो, यावर तालमीत टिकतं कोण हे ठरतं आणि ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं पोरगं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तालमीत येऊच शकत नाही. पोरींना तर मारुतीसमोरच्या त्या हौद्यात परवापरवापर्यंत पाऊल ठेवू देत नव्हते. त्यांची सोय गादीनं केली. तरीही हौद्यात उतरल्यावर पहिली दोन मिनिटं सगळे सारखे असतात आणि जिल्ह्यात अशा जागा फार उरलेल्या नाहीत.

गंमत अशी, की कुस्तीतून रोजच्या जगण्यात जायला निघालेल्या गोष्टींपैकी राजकारणानं नेमकी सलामी वगळून बाकी सगळं उचललं. उमेदवारी जाहीर झाली की ‘शड्डू ठोकला’. नाराज पुतण्यानं ‘दंड थोपटले’. निकालाला ‘चितपट’, ‘अस्मान दाखवलं’, ‘धोबीपछाड’. २०१९च्या विधानसभेला बीडमध्ये जयदत्त क्षीरसागर आणि संदीप क्षीरसागर हे काका-पुतणे समोरासमोर होते, परळीत पंकजा मुंडे आणि धनंजय मुंडे हे चुलत बहीण-भाऊ. अशा लढतीत एकाच घरात वाढलेल्या दोघांना हात मिळवण्यासाठी पंच लागू नये. पण प्रचारात शड्डू दिवसरात्र ऐकू येतो आणि सलामीची बातमी येत नाही. आली तर ती ‘भेटीनं चर्चेला उधाण’ अशी येते. म्हणजे हात मिळवला तर त्यात डाव असणारच, हे गृहीत.

खुद्द कुस्तीही यातून सुटलेली नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये आष्टीच्या सीमेला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात महाराष्ट्र केसरी भरली. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळला विजयी ठरवल्यावर आपली पाठ टेकलीच नव्हती, असं शिवराज राक्षेचं म्हणणं होतं. त्यानं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी हुज्जत घालून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पंचांचा निकाल बरोबर होता की चूक, यावर लोक अजून चित्रफिती मागंपुढं करून भांडतात आणि त्यात राक्षेची बाजू घेणारे पुष्कळ आहेत. पण ज्या पंचानं सलामी लावून दिली त्याच्यावर पाय उचलला गेला, याची लाज जुन्या वस्तादांना निकालापेक्षा जास्त वाटली असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

दुसऱ्या टोकाला पाटोद्याचा राहुल आवारे आहे. वडील बाळासाहेब पैलवान. लहान वयातच राहुल पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडं गेला आणि नंतर अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांच्याकडं. २०११ला बिराजदार गेले. २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात राहुलनं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला हरवून सुवर्ण घेतलं आणि ते बिराजदारांना अर्पण केलं. २०१९ला जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य आलं, पुढच्या वर्षी अर्जुन पुरस्कार. पुढं तो पोलिस उपअधीक्षक झाला. नरसिंग यादव, विजय चौधरी हे महाराष्ट्र केसरीही त्याच खात्यात, त्याच पदावर गेले. फौजदार-हवालदार झालेले पैलवान तर प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. बीडच्या पोरांना तालमीची वाट खाकीकडं जाते हे पक्कं माहीत आहे. कित्येकांचे बाप त्यासाठीच खुराकाचं कर्ज काढतात.

या पोरांना दोन सलाम सांभाळावे लागतात. खात्यातला सॅल्यूट खालच्यानं वरच्याला आधी ठोकायचा आणि वरच्यानं तो घ्यायचा. त्यात कोण मोठं हे स्वच्छ दिसलं पाहिजे, तीच त्याची गरज. सलामीत दोन्ही हात एकाच वेळी पुढं येतात. जत्रेच्या बंदोबस्ताला असा एखादा पैलवान फौजदार म्हणून येतो आणि हगाम्याच्या कडेला त्याचा जुना वस्ताद बसलेला असतो, तेव्हा पंचाईत होते. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, भोवती गाव. पाय धरावेत तर वर्दी आडवी येते, न धरावेत तर वस्ताद. बहुतेक जण टोपी काढून काखेत धरतात आणि वाकतातच. वस्ताद पाठीवर थाप मारतो, आजूबाजूला बघतो आणि दामटतो, “आरं, टोपी घाल आधी. रेवड्यांच्या कुस्त्या लागल्यात, पोरं फडात घुसाया लागलीत, ती मागं सार.”