छायाचित्राच्या पाठीवरील नाव

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नववीच्या मुलामुलींना एक काम सांगितले होते. घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती, ती कोणी व केव्हा आणली, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहून आणावयाचे. सुट्टी संपल्यावर तांब्याचे घंगाळ, मोडी दस्तऐवज, निजामाच्या अमदानीतील हाली शिक्क्याचे रुपये अशा पुष्कळ वस्तूंची वर्णने आली. भालकी तालुक्यातील एका मुलीने मात्र वर्णनाबरोबर वस्तूच आणली. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले, जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले एक छायाचित्र. डोक्यास पागोटे, अंगात लांब अंगरखा, हातात काठी, असे एक गृहस्थ खुर्चीवर ताठ बसलेले आहेत. ते तिच्या आजोबांचे आजोबा होत, असे तिने सांगितले.

साऱ्या वर्गाने तो चेहरा निरखून पाहिला. कोणास नाक आजोबांसारखे वाटले, कोणास मिशांचे हसू आले. पुठ्ठा उलटून पाहण्याचे मात्र कोणाच्याही मनात आले नाही. आम्ही तो उलटला. मागे सोनेरी अक्षरांत 'राजा दीनदयाळ अँड सन्स' असे इंग्रजीत छापलेले होते. खाली सिकंदराबाद, हैदराबाद व मुंबई अशी तीन गावांची नावे होती आणि एका कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेला एक आकडा होता.

समोर बसलेले गृहस्थ कोण, हे घरातील सर्वांस ठाऊक होते. त्यांच्यासमोर उभे राहून ज्याने ते चित्र घेतले, तो कोण होता, हा प्रश्न त्या घरात शंभराहून अधिक वर्षांत कोणी विचारला नव्हता. हा प्रश्न विचारावयाचा कसा आणि त्याचे उत्तर शोधावयाचे कोठे, हेच आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम त्या पुठ्ठ्याविषयी. अशा छायाचित्रास त्या काळी 'कॅबिनेट कार्ड' म्हणत. पुठ्ठा साधारण सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच असे. त्याआधी भेटकार्डाएवढी लहान छायाचित्रे प्रचारात होती. त्यांचे पेटंट पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने १८५४ मध्ये घेतले होते. १८६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये हे मोठे कार्ड निघाले. दिवाणखान्यातील कपाटावर उभे करून ठेवले, तर खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही चेहरा ओळखता यावा, एवढे ते मोठे होते. 'कॅबिनेट' हे नाव त्याला शोभते ते यामुळेच.

चित्र मात्र पुठ्ठ्यावर उमटविलेले नसते. ते अत्यंत पातळ कागदावर असते आणि तो कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवितात. या कागदास मीठ मिसळलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप देत, मग तो चांदीच्या क्षारात भिजवीत, आणि काचेवरील उलट्या प्रतिमेखाली दाबून उन्हात ठेवीत. उन्हाने चित्र उमटे. या धंद्यास किती अंडी लागत असतील? जर्मनीतील ड्रेस्डेन येथील एका कारखान्यास १८८८ या एका वर्षात सुमारे ६० लाख अंडी लागली. ज्या आजीबाईंनी जन्मात अंड्याला स्पर्श केला नाही, त्यांचे सोवळ्यातील रूप अंड्याच्याच बलकावर टिकून राहिले आहे, ही गोष्ट आम्ही वर्गात सांगितली तेव्हा मोठा हशा पिकला. घरी जाऊन मुलांनी ती सांगितली, तेव्हा काही घरांत तितकासा हशा पिकला नाही, असे नंतर कानांवर आले.

आता दीनदयाळ यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत नोकरीस लागले. पेशा आरेखकाचा. छायाचित्रणाचा नाद त्यांना १८७४ च्या सुमारास लागला आणि इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांस उत्तेजन दिले. पुढे नोकरी सुटली आणि नाद हाच व्यवसाय झाला. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादेस स्टुडिओ काढला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांस 'राजा बहादूर मुसव्विर जंग' हा किताब दिला तो १८९४ मध्ये. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. मुंबईची शाखा निघाली १८९६ मध्ये, आणि मुंबईतच ५ जुलै १९०५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. आपला बिदर व कलबुर्गीचा मुलूख त्या वेळी निजामाच्याच राज्यात होता. बिदरच्या किल्ल्याजवळील महमूद गवानच्या मदरशाची त्यांनी घेतलेली चित्रेही आज उपलब्ध आहेत.

इतके ठाऊक झाल्यावर पुठ्ठ्याची पाठ बोलू लागते. नावाआधी 'राजा' आहे, म्हणून पुठ्ठा १८९४ नंतरचा. मुंबईचे नाव आहे, म्हणून तो १८९६ च्या आधीचा नव्हे. एखाद्या कार्डावर नुसते सिकंदराबाद असते, तर आम्हांस निराळा हिशेब मांडावा लागला असता. शोधकर्ते अशीच चिन्हे गोळा करतात. कोपरे चौकोनी की गोल, कड साधी की सोनेरी, पुठ्ठा पातळ की जाड, पाठीवर प्रदर्शनातील पदकांची चित्रे आहेत काय, असल्यास शेवटचे पदक कोणत्या सालाचे. तथापि केवळ पुठ्ठ्याच्या रूपावर भिस्त ठेवू नये. हे पुठ्ठे पुष्कळदा विलायतेतून छापून येत, आणि उरलेला माल कोणताही व्यापारी फेकून देत नसे.

आणखी एक सावधगिरी. पाठीवर ज्याचे नाव, त्यानेच चित्र घेतले, असे धरून चालू नये. मोठ्या स्टुडिओत पगारी माणसे असत. कोणी काच तयार करी, कोणी कॅमेरा चालवी, कोणी बारीक कुंचल्याने डाग झाकी. त्यांची नावे पुठ्ठ्यावर छापीत नसत. दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला व तो केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. तेव्हा त्या काळच्या एखाद्या हैदराबादी बेगमेचे छायाचित्र पुरुषाच्या नावाने छापलेले असूनही स्त्रीने घेतलेले असू शकते. आमच्या मुलींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवली आहे.

दीनदयाळ प्रसिद्ध, म्हणून त्यांचे चरित्र पुष्कळसे जुळविता आले. त्यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, आणि दीपाली देवान व डेबोरा हटन या दोन विदुषींनी २०१३ मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पण ज्यांच्या काचा उरल्या नाहीत, त्यांचे काय? अशांसाठी त्या काळच्या छापील डिरेक्टरी चाळाव्या लागतात. त्यांत शहराशहरांतील व्यापाऱ्यांची नावे दरवर्षी छापीत. एका वर्षी नाव येते, काही वर्षांनी पत्ता बदलतो, पुढे नाव गळते. एवढ्यावरूनही मनुष्य केव्हा आला व केव्हा गेला, हे कळते. मग वर्तमानपत्रांतील जाहिराती, प्रदर्शनांचे अहवाल, न्यायालयातील फिर्यादी. दिवाळे निघालेल्या छायाचित्रकाराची माहिती यशस्वी माणसापेक्षा अधिक मिळते, कारण धनको सर्व काही लिहून ठेवतात! आपल्या भागापुरते बोलावयाचे तर निजाम सरकारचे फारसी व उर्दू दप्तर हैदराबादेस तारनाका येथील सरकारी अभिलेखागारात आहे. ज्यास उर्दू वाचता येते, त्यास तेथे पुष्कळ काम आहे. बिदरच्या मुलांस ही भाषा कानावरून परिचित असतेच.

नावाच्या लेखनाची अडचण मात्र फार मोठी. मुंबईत हरिश्चंद्र चिंतामण नावाचे एक छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, त्यात ते शिकले. त्यांचे नाव इंग्रजीत 'हरीचंद चिंतामोन' अशा धर्तीने लिहिलेले आढळते. 'हरिश्चंद्र' म्हणून शोधणाऱ्यास ते सापडावयाचे नाहीत. याच नावाच्या गृहस्थांनी १८७४ मध्ये लंडनला भगवद्गीतेवर इंग्रजी भाष्य प्रसिद्ध केले. मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष याच नावाचे होते, आणि १८७९ मध्ये कर्नल ऑल्कॉट व मॅडम ब्लाव्हाट्स्की मुंबईस उतरल्यावर त्यांच्याशी ज्यांचे पैशावरून बिनसले, तेही हेच नाव. अभ्यासक हे सारे एकच गृहस्थ मानतात. केवळ नाव सारखे, म्हणून मनुष्य एकच, असे मात्र कोणी म्हणू नये. गाव, साल आणि स्नेहीमंडळी यांचा मेळ बसला, तरच तसे म्हणावे.

येथे थोडा घरचा अभिमान क्षम्य मानावा. आमची मायबोली कोकणी. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली, तीत पुढाकार घेणाऱ्या एतद्देशीयांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. हे घराणे मूळचे गोव्याचे. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे घेत.

हा अभिमान सांगितल्यावर आमचा अपराधही सांगितला पाहिजे. कारवारच्या आमच्या घरी खापरपणजीचे असेच एक कार्ड होते. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. पावसाळ्यात ते दमट होऊन वाकू लागले, म्हणून ते 'वाचविण्यासाठी' आम्ही चांगला घट्ट डिंक लावून एका फळीवर बसविले. घरात आमचे कौतुक झाले. पाठीवर जांभळ्या शाईत काहीतरी छापलेले होते, मध्यभागी उगवत्या सूर्याचे चित्र होते, इतकेच आज आठवते. अक्षरे आठवत नाहीत. पुढे मोठेपणी वाफ देऊन ते सोडविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पुठ्ठ्याचे पदर सुटले आणि छापील मजकुराचा लगदा हाती आला. पणजीचा चेहरा भिंतीवर आहे. तो कोणी टिपला, हे आता कधीही कळणार नाही, आणि त्यास आमच्यावाचून दुसरे कोणी जबाबदार नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांस सांगणे इतकेच की, जुने कार्ड घरी असल्यास ते चिकटवू नका व पुसूही नका. दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोबाईलवर घ्या. माहिती कार्डावर न लिहिता वेगळ्या पाकिटावर लिहा. आणि आजी-आजोबांस आजच विचारा.

भालकीच्या कार्डाच्या बाबतीत आम्हांस असे विचारण्याचाच उपयोग झाला. त्या मुलीच्या घरी मोडी हिशेबाची एक वही आहे. तीत या गृहस्थांच्या उत्तरकार्याचा खर्च फसली १३०२ मध्ये मांडलेला आहे. निजामी फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, वर्षाच्या काही महिन्यांत ५९१. म्हणजे ते १८९२-९३ मध्येच वारले. आणि पुठ्ठा तर १८९६ च्या आधीचा असू शकत नाही! मग चित्रातील गृहस्थ दुसरेच कोणी की काय? घरात अस्वस्थता पसरली. तिच्या आजोबांनी, "पुस्तकातलं बघून आमचं माणूस बदलू नका," असे आम्हांस स्पष्ट बजावले.

त्याच वेळी आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, ते वारल्यावर त्यांच्या बायकोनं गाडी धाडून शिकंद्राबादेहून फोटू आणवला, असं सासूबाई सांगत हुत्या. आम्हाला वाटायचं, मेलेल्या माणसाचा फोटू कसा निघंल? म्हणून ते कुणाला सांगितलंच न्हाई."

स्टुडिओवाले काचा क्रमांक घालून जपून ठेवीत आणि मागेल तेव्हा नवी प्रत काढून देत. अनेक कार्डांच्या पाठीवर तशी सूचनाच छापलेली असते. ती नवी प्रत नव्या पुठ्ठ्यावर चिकटविली जाई. त्या काळी भालकीस आगगाडी नव्हती. वाडी ते सिकंदराबाद रूळ १८७४ मध्ये पडले, बिदरकडे ते १९३० च्या सुमारास आले. तेव्हा त्या विधवा बाईंनी गाडी धाडली ती बैलगाडीच असली पाहिजे, आणि गाडीवानाजवळ काचेचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असली पाहिजे. आजोबांनी हे ऐकून घेतले आणि कार्ड पुन्हा एकदा उलटून पेन्सिलीचा तो आकडा चष्मा लावून वाचला.

तो आकडा आम्ही वहीत उतरवून घेतला आहे. कार्ड मुलीने परत नेले. कडुनिंबाचा पाला घालून ते पुन्हा पेटीत ठेवले आहे, असे ती सांगते.