रात्री साडेनऊला पाहिलेलं घर

माझी धाकटी बहीण नाशिकला एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. घरात सगळे तिला छोटीच म्हणतात. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. पदरी बारा वर्षांची लेक. तेव्हापासून चार वर्षांत तिनं तीन भाड्याची घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, भाडं वाढायचं आणि नव्या घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "बरोबर पुरुषमाणूस कोण?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एके दिवशी तिचा फोन आला. "ताई, घर मिळालं! वन बीएचके, साडेसहाशे फूट, तेरा लाख फक्त. उद्या एक लाख बुकिंग द्यायचंय, तू ये."

तेरा लाखांत नाशिकला फ्लॅट! मला आनंद व्हायच्या आधी धडकीच भरली. बचत गटाच्या कामामुळे बायकांची कागदपत्रं हाताळायची सवय झाली आहे आणि स्वस्त वस्तूचा स्वस्तपणा कुठून येतो हे आधी शोधावं, एवढं तरी या कामानं शिकवलं आहे. तिला म्हटलं, "पैसे देऊ नकोस. मी येते." दुसऱ्या दिवशी संगमनेरहून अर्ध्या तिकिटात एसटी पकडली.

एजंट दुपारी दोनला गाडी घेऊन हजर होता. इमारत नवी, रंग झकपक, किचनचा ओटा ग्रॅनाइटचा. छोटीचे डोळे चमकत होते. मी पर्समधून शिलाईची टेप काढली आणि खोल्या मोजायला लागले. एजंट हसला. मोजून झाल्यावर मात्र हसला नाही. भिंतीच्या आतली जागा भरली जेमतेम चारशे दहा फूट! बाकीचे दोनशे चाळीस फूट जिन्यात आणि 'सुपर बिल्टअप' या शब्दात होते. मैत्रिणींनो, घर घेताना विचारायचा शब्द एकच, चटई क्षेत्र. आपली चटई जिथे अंथरता येते, तेवढीच जागा आपली.

मग मी रेराचा नोंदणी क्रमांक विचारला. "ताई, आठच फ्लॅट आहेत, रेरा लागतच नाही." हे त्याचं खरं होतं. २०१७ पासून आपल्याकडे महारेरा आहे, पण आठपर्यंत सदनिका असलेल्या किंवा पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या लहान प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. मात्र रेरा लागत नाही म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्रही लागत नाही, असं थोडंच आहे? ते मागितलं तर "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर. सातबारा पाहिला तर शेतजमिनीचा तुकडा, त्यावर अनेकांची नावं. गुंठेवारीचा प्लॉट! बँकेचं कर्ज मिळेल का, विचारल्यावर तो म्हणाला, "बँक कशाला, आमच्याकडे हप्ते बांधून देतो."

छोटीचा चेहरा पडला, तरी मन मानत नव्हतं. "ताई, माझ्या पैशात दुसरं मिळणार कुठे?"

मी म्हटलं, "आपण रात्री परत येऊ. तुझी दुसरी पाळी सुटते त्या वेळेला."

रात्री साडेनऊला आम्ही दोघी सिटीलिंकच्या बसनं हायवेवर उतरलो. आतमध्ये दोन किलोमीटर. रिक्षावाला म्हणाला, "आत येतो, पण रिकामं परतावं लागतं, दीडशे होतील." म्हणून चालत निघालो. विजेचे खांब होते, दिवे नव्हते. दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट, कुत्री, एका अर्धवट बांधकामात दारू पीत बसलेली चार-पाच माणसं. कुणी काही बोललं नाही, पण छोटीनं माझा हात जो धरला तो हायवेला परत येईपर्यंत सोडला नाही. बसमध्ये बसल्यावर हळूच म्हणाली, "माझी पोर क्लासहून या रस्त्यानं येणार होती गं."

त्या रात्री आम्ही बजेटचा कागद फाडून नवा केला. नवं घर नको, जुनं चालेल. लिफ्ट नको, ग्रॅनाइट नको. पण रस्त्यावर दिवा हवा, बस हवी, रात्री दहापर्यंत उघडं असणारं एखादं दुकान हवं आणि ओट्यावर बसणाऱ्या चार बायका हव्यात. गेटवरच्या वॉचमनपेक्षा या बायकांचा पहारा कडक असतो, हे आपल्या गल्लीत राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

दोन महिने आम्ही हिंडलो. शेवटी नाशिकरोडला एक जुनी सोसायटी सापडली. बरेचसे सभासद प्रेसमधून निवृत्त झालेले. तिसरा मजला, भिंतींचे पोपडे निघालेले, चारशे वीस फूट चटई क्षेत्र. पण कोपऱ्यावर मेडिकल, समोर पिठाची गिरणी, पाच मिनिटांवर बसथांबा. हेही घर आम्ही आधी रात्रीच पाहिलं. गिरणीवाल्या काकूंना विचारलं, "इथं बाईमाणसाला राहायला कसं आहे?" त्या म्हणाल्या, "उशीर झाला तर आम्हीच विचारतो, का उशीर झाला म्हणून! ते चालणार असेल तर या." एवढी चौकशी चालेल, असं छोटीनं तिथल्या तिथे ठरवलं.

किंमत वीस लाख. विकणारे गृहस्थ म्हणाले, "महिनाअखेर व्यवहार केलात तर एकोणीसला देतो." पुन्हा स्वस्त! या वेळी आम्ही कागद वकीलबाईंकडे नेले. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सूची क्रमांक दोन, घरपट्टी, सगळं ठीक. पण घर विकणाऱ्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर, आई आधीच गेलेली, आणि वारस एक नाही, दोन. जळगावला एक लग्न झालेली बहीण होती. तिची सही कुठेच नव्हती.

"ती काही म्हणत नाही हो," गृहस्थ म्हणाले, "हक्कसोड देईल नंतर. उगाच तिला कशाला मध्ये आणता?"

१९५६च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा असतो. लग्न झालं म्हणून तो जात नाही. हक्कसोडपत्रही तोंडी नसतं, ते नोंदवावं लागतं. वकीलबाई म्हणाल्या, "तिची सही नसेल तर उद्या ती कोर्टात जाऊ शकते, आणि अडकाल तुम्ही."

खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात आलं, लाखभर वाचतायत, हक्कसोडीचं बघू. पण छोटी एकदम म्हणाली, "दुसऱ्या बहिणीचा वाटा बुडवून मला घर नको. वीस तर वीस, पण त्यांना बोलवा." सासरी दिराच्या सांगण्यावरून तिनं स्वतः एकदा अशीच सही करून दिली होती. तिला काय मिळालं? काही नाही. ते दुःख तिनं त्या दिवशी पहिल्यांदा तोंडावर आणलं.

गृहस्थ चिडले, पंधरा दिवस फोनही उचलला नाही. आम्हाला वाटलं, गेलं घर. मग एक दिवस जळगावच्या त्या बाईंचाच फोन आला. घर विकायला काढलंय हेच त्यांना माहीत नव्हतं. वकीलबाईंनी पाठवलेल्या पत्रानं कळलं. करार झाला तेव्हा दोघा भावंडांनी सह्या केल्या आणि दोघांच्या नावे वेगवेगळे धनादेश निघाले. निबंधक कार्यालयाच्या बाहेर त्या बाईंनी छोटीचा हात हातात घेतला, बोलता मात्र आलं नाही.

हिशेब सांगते, कुणाला उपयोगी पडेल. तेरा लाख कर्ज, पंधरा वर्षांसाठी, हप्ता तेरा हजारांच्या आसपास. बाकीचे सात लाख विम्याचे आणि पाटल्या मोडून. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. छोटीचे वीस हजार वाचले. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही, अशी अट पूर्वी होती, ती २०२३ मध्ये काढली. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क महापालिका हद्दीत पंचवीस हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे सगळं आधीच वेगळं काढून ठेवा. घराच्या किमतीतच सगळे पैसे संपवले तर शेवटच्या आठवड्यात सावकाराचं दार दिसतं.

सामान चढवायच्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. वही उघडून म्हणाले, "सभासदाचं नाव? साहेब कधी येणार राहायला?"

छोटीनं पदर खोचलेलाच होता. "साहेब मीच," म्हणाली आणि वही पुढे ओढून तिनं सही केली.

परवा तिचा रात्री दहाला फोन आला. मागून गिरणीचा आवाज येत होता. मी विचारलं, "एवढ्या उशिरा बाहेर?" तर हसली. "उशीर कुठला? काकूंनी थांबवलंय. पोरीचं दळण तिनंच आणून टाकलंय, मी नुसती न्यायला आलेय."