आगबोटीने गेलेली माणसे आणि मताचा हक्क

आपल्या सिंधुदुर्गात ज्या घरातले कोणीच मुंबईला गेले नाही असे बौद्ध कुटुंब शोधून काढावे लागेल. आजा गिरणीत, बाप गोदीत, मुलगा रेल्वेत, अशी ओळ ठरलेली. का गेले, असे विचारले तर पोटासाठी, हे उत्तर मिळते. ते खरे आहे, पण अर्धेच. गावात वतनाची वेठ होती, खोताचा जाच होता आणि पाणवठा बंद होता. त्यातच १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. दापोलीकडच्या पेन्शनर शिपायांतून गोपाळबाबा वलंगकर पुढे आले आणि १८९४ मध्ये त्यांनी याविरुद्ध सरकारला उद्देशून विनंतीअर्ज लिहिला. दाद लागली नाही. मग उरली मुंबई.

मालवणच्या बंदरात खडक फार. आगबोट दूर उभी राही आणि पडावात बसून तिच्यापर्यंत जावे लागे. १९९८ पासून कोकण रेल्वेने रातोरात मुंबई गाठणाऱ्या आमच्या मुलांना हे सांगूनही पटत नाही! पण त्या आगबोटींनी जिल्हाच्या जिल्हा वाहून नेला. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख होती. त्यात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली माणसे दोन लाखांच्या वर होती. आजचा आपला जिल्हा तेव्हा रत्नागिरीतच मोडत होता. सावंतवाडी संस्थान तेवढे वेगळे.

मुंबईतही जात सुटली नाही. गिरणीच्या विणाई खात्यात पगार बरा, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर कांडी बदलताना धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा स्पृश्य विणकराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मजुरांच्या एकीची भाषणे देणाऱ्यांना तोपर्यंत तो दिसला नव्हता, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

तरीही मुंबईने एक गोष्ट दिली. गावात चार घरे वाडीच्या टोकाला असत. इथे चाळीच्या चाळी भरल्या. परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेला बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी निघाले तेही आगबोटीनेच. पोटासाठी जी वाट धरली तिनेच माणसे हक्कासाठी परत कोकणात उतरली.

या माणसांना राज्यकारभारात मत होते काय? १९१९ च्या कायद्याने मत दिले ते सारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, ठराविक भाड्याच्या घरात राहणाऱ्याला. शंभरात जेमतेम तीन माणसांना. गावात जमीन नाही आणि मुंबईत दहाजणांत एक खोली, त्याला कुठले मत? बाबासाहेबांनी १९१९ च्या जानेवारीत साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली आणि मताची अट खाली आणा, असे सांगितले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सरळ प्रौढ मताधिकार मागितला. शिकलेला असो वा अडाणी, जमीनवाला असो वा हमाल, कायदा सर्वांवर चालतो, तर मतही सर्वांना हवे.

१९३७ च्या निवडणुकीतही मत मर्यादितच होते. तरी स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कोकणचे कूळ आणि गिरणीतला त्याचा भाऊ त्या दिवशी एका रांगेत होते. बिल त्या वेळी काही पास झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. आणि सावंतवाडी-कुडाळकडच्या माणसाला तर मुंबईच्या कौन्सिलात आमदारच नव्हता, तो संस्थानची प्रजा! १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा कुठे तो आपल्या पंक्तीला आला.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले आणि कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत मिळाले.

आज मात्र आम्हाला वाडीत वेगळेच दिसते. घरे आहेत, दारांना कुलपे आहेत. मुंबईत नोकरी केलेली माणसे निवृत्त होऊन गावी परततात, विहाराला वर्गणी देतात, पण त्यांची नावे पंचवीस-तीस वर्षे मुंबईच्याच यादीत. एका माणसाचे नाव एकाच यादीत राहू शकते, हा कायदाच आहे. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते. मग वाडीचा रस्ता, नळाचे पाणी, स्मशानभूमीची वाट यांचे ठराव होतात तेव्हा आपला हात वर करायला माणूसच नसतो. चाळीस माणसांच्या वाडीत नऊ मते असली तर सरपंच वाडीत कशाला येईल?

जे गावी कायमचे राहायला आले आहेत त्यांनी नमुना क्रमांक ८ चा अर्ज भरून नाव बदलून घ्यावे. अर्ज मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे किंवा तहसील कचेरीत मिळतो. राहत्या घराचा पुरावा लागतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज आम्ही रविवारी वंदनेनंतर विहारात भरून देतो. घरातल्या अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींसाठी नमुना क्रमांक ६ आहे, तोही सोबत न्यावा.