भोगीपूर्वी उघडावयाचे गाठोडे

जानेवारीच्या मध्यास सूर्य मकर राशीत प्रवेश करतो. त्या दिवशी महाराष्ट्रात तिळगूळ वाटला जातो, तर तमिळनाडूत नव्या तांदळाचा पोंगल उतू जातो. आदला दिवस दोन्ही प्रांतांत ‘भोगी’ याच नावाने ओळखला जातो. आचार मात्र निराळे. आपल्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि अनेक भाज्यांची मिसळ; तमिळ घरांत पहाटेच दारापुढे जाळ करून जुन्या चटया, मोडक्या टोपल्या व फाटके कपडे त्यात टाकावयाचे. जुने जावे आणि नवे यावे, हा त्या प्रथेचा हेतू. टायर व प्लॅस्टिक जाळून हवा दूषित करू नये, असे आवाहन तेथील प्रदूषण नियंत्रण मंडळ करीत असते. गृहिणीने मात्र याच्याही पुढे जाऊन एक विचार करावा: जाळात टाकावयाच्या गाठोड्यात जपून ठेवण्याजोगे काही आहे काय?

हा प्रश्न कुंभकोणमला विशेष लागू पडतो. कावेरीकाठचे हे देवळांचे नगर रेशमाचेही नगर आहे. गावात व जवळच्या दारासुरम, तिरुभुवनम येथे रेशमी साड्यांचे हातमाग आहेत. शिवाय या भागाचा मराठी भाषेशी जुना ऋणानुबंध आहे. इ. स. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि भोसल्यांचे ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. तंजावर, कुंभकोणमच्या काही घरांत मराठी बोली आजही कानी पडते. तमिळ ब्राह्मण स्त्रियांची मडिसार नेसण्याची साडी आणि आपले लुगडे ही दोन्ही नऊवारी. त्यामुळे तेथील पेटीत आणि पुण्याच्या पेटीत सापडणारे जीर्ण वस्त्र फारसे निराळे नसते.

अशा वस्त्राला आणखी एक धोका असतो. शुद्ध जरीत रेशमी धाग्यावर चांदीची बारीक तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. म्हणून जुनी जर विकत घेणारे व्यापारी साड्या नेतात, त्या जाळतात आणि उरलेली चांदी काढून घेतात. घरात अडचण असेल, तर विक्रीला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु आजीच्या लग्नातील लुगडे गेले, की त्या घरातील एका स्त्रीची उरलेली खूणही गेली. पदर विकावयाचा असला, तरी काठाचा हातभर तुकडा कापून ठेवण्यास कोणाची हरकत असणार?

त्या तुकड्याचे काय करावे, हे कुंभकोणमच्या रथाकडे पाहून शिकता येते. शार्ङ्गपाणी मंदिराचा रथ तमिळनाडूतील मोठ्या रथांत गणला जातो. अशा रथांचा खालचा भाग कोरीव लाकडाचा असतो. वरचा सांगाडा मात्र उत्सवाच्या वेळी कापडाने सजवितात. त्यासाठी तंजावर भागातील कारागीर लाल, पिवळे, हिरवे, पांढरे तुकडे कापून एका कापडावर टाचतात आणि त्यांतून कमळे, पोपट, मोर व याळी साकारतात. अशा कामाची गोल, नळकांड्यासारखी लोंबती झालर ‘तोंबै’ या नावाने ओळखली जाते. ओडिशातील पिपिली गावी जगन्नाथाच्या उत्सवासाठी याच जातीचे काम होते. आपली गोधडी त्याच कुळातली. दुरून दिसावे म्हणून आकार मोठे व रंग ठसठशीत ठेवावेत आणि कडेने दोरी बसवून आकार उठवावा, ही त्या कामाची शिकवण उशीच्या अभ्र्यालाही उपयोगी पडते.

तुकड्यांची निवड. रेशमाचा तुकडा दोन्ही हातांनी आधी उभा, मग आडवा हलकेच ताणून पाहावा. घडीवर चिरत असेल, तर तो शिवणास निरुपयोगी. तो कागदात गुंडाळून तसाच जपावा. साडी धडधाकट असल्यास तिला कात्री लावू नये. सुती तुकडे आधी धुऊन वाळवावेत, म्हणजे पुढे आटत नाहीत. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो काय, हेही पाहावे.

साहित्य. १६ इंच चौरस उशीसाठी १७ इंच चौरस जाड सुती कापड, पाठीसाठी १७ इंच लांब व १२ इंच रुंद असे दोन तुकडे, कमळासाठी रंगीत तुकडे, जरीच्या काठाच्या चार पट्ट्या, मलमल, पांढरी बारीक दोरी. संक्रांतीसाठी जमीन काळी घ्यावी, म्हणजे चंद्रकळेची आठवण होते. पोंगलसाठी लाल शोभते.

कृती. कागदावर ३ इंच व्यासाचे वर्तुळ आणि ३ इंच लांब, दीड इंच रुंद पाकळी काढून कापावी. कागद कापडावर ठेवून सभोवार पाव इंच जास्त सोडून एक वर्तुळ व आठ पाकळ्या कापाव्यात. रेशमामागे मलमलीचे अस्तर कच्च्या टाक्यांनी जोडावे, नाहीतर धागे सुटतात. जास्तीची कड आत दुमडावी. गोलाईवर तिला लहान चिरा द्याव्यात, म्हणजे चुण्या पडत नाहीत. पाकळ्यांची टोके वर्तुळाखाली येतील अशी मांडणी करावी. प्रथम पाकळ्या व शेवटी वर्तुळ बारीक तुरपाईने शिवावे. मग कडेने दोरी ठेवून तिच्यावर आडवे टाके घालावेत. काठाच्या पट्ट्या चारी बाजूंनी बसवाव्यात; शिवणीसाठी कडेला अर्धा इंच मोकळा ठेवावा.

पाठीच्या प्रत्येक तुकड्याची एक लांब कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवावी; रुंदी ११ इंच उरते. दर्शनी भाग सुलटा वर ठेवून त्यावर हे दोन्ही तुकडे उलटे ठेवावेत. मध्ये ते एकमेकांवर ५ इंच येतात, म्हणून गुंड्यांची गरज राहत नाही. चारी बाजूंना अर्ध्या इंचावर टीप मारून, कोपरे कातरून, अभ्रा उलटवावा. तो थंड पाण्यात हाताने धुवावा, सावलीत वाळवावा आणि इस्त्री मागील बाजूने, मंद आचेवर करावी.

कामाची वाटणी करता येते. मुलांनी कागदाचे नमुने कापावेत, मुलगे असोत वा मुली. आजीने तुकडे ओळखावेत. ‘हा माझ्या डोहाळजेवणाचा, हा तुझ्या बापाच्या मुंजीतला,’ असे ती सांगेल, ते अभ्र्याच्या आतल्या बाजूस शाईने लिहून, नावासह व सालासह, वरून दोऱ्याने भरून ठेवावे. सांगणारी व्यक्ती घरात आहे तोवरच हे होऊ शकते. तुकडा पुढेही राहील, पण तो कोणाचा हे सांगणारे कोणी उरणार नाही. म्हणून भोगीच्या आदल्या आठवड्यात गाठोडे एकदा सर्वांसमक्ष उघडावे. मग जे खरोखर टाकाऊ असेल, ते खुशाल बाहेर काढावे.